पेठेतली जुनी बँक: पाडायची की राखायची?

बँका विलीन झाल्या की बातम्या येतात त्या पैशाच्या: नवा आयएफएससी कोड, नवं चेकबुक, पासबुकावर बदललेलं नाव. १ एप्रिल २०१९ ला विजया आणि देना बँक बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात गेली आणि कॉर्पोरेशन व आंध्रा बँक युनियन बँकेत. पुढचा भाग बातमीत येत नाही. एकाच रस्त्यावर एकाच बँकेच्या दोन शाखा झाल्या की एक बंद करावी लागते, आणि बहुतेक वेळा नंबर लागतो जुन्या इमारतीतल्या शाखेचा. तिथे पार्किंग नसतं, लिफ्ट नसते, एसीची नळी न्यायला सोयीची जागा नसते. बेळगावच्या बाजारपेठेतल्या गल्ल्या घ्या, नाहीतर निपाणी, चिकोडी, अथणीच्या जुन्या पेठा घ्या. शाखा हलते, शटर खाली येतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत 'इमारत धोकादायक झाली' अशी भाषा सुरू होते.

ऐंशी-नव्वद वर्षं उभी असलेली भिंत तीन वर्षांत धोकादायक कशी होते? याचं उत्तर इमारतीच्या वयात सापडत नाही. बंद इमारतीत मुरणारं पाणी आणि घाईघाईने केलेली सिमेंटची दुरुस्ती, या दोन गोष्टी जुन्या बँकेला खाली आणतात. दोन्ही थांबवता येतात.

## बँकेला एवढी भारी इमारत कशाला लागायची?

ठेवीचा विमा आपल्या देशात १ जानेवारी १९६२ पासून आला, तोही सुरुवातीला फक्त दीड हजार रुपयांपर्यंतचा. सहकारी बँकांना तो लागू करणारी कायद्यातली दुरुस्ती १९६८ ची, आणि आजची पाच लाखांची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची. रिझर्व्ह बँकच मुळात १९३५ ची. विमा येण्याआधी बँक बुडाली की ठेवीदार बुडाला. आणि बँका बुडतही असत. १९१३ ते १९१७ या काळात देशात स्वदेशी बँकांची मोठी पडझड झाली होती. अशा दिवसांत घरातली किंवा सावकाराच्या पेढीवरची रक्कम उचलून बँकेत ठेवायची, तर भरवसा कशावर ठेवायचा? संचालकांच्या नावांवर आणि इमारतीवर. उंच जोतं, जाड भिंती, खिडक्यांना गज, कॅशियरच्या पिंजऱ्याची पितळी जाळी, आत शिरताच नजरेला पडणारं तिजोरीचं पोलादी दार. हा सगळा थाट ठेवीदाराला दाखवण्यासाठीच होता.

आपल्या भागात हे काम मुख्यतः सहकाराने केलं. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर, १९०५ साली, तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यात आणि आजच्या गदग जिल्ह्यात असलेल्या कणगिनहाळ गावात देशातल्या अगदी पहिल्या ग्रामीण पतसंस्थांपैकी एक उभी राहिली. बेळगावची शंभरी ओलांडलेली पायोनियर अर्बन बँक याच लाटेतली. जोडीला खासगी बँका निघाल्या: सांगली बँक १९१६ ची, मिरज स्टेट बँक १९२९ ची, बेळगाव बँक १९३० ची. या तिन्ही नावांच्या बँका आज नाहीत. सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत गेली, मिरज स्टेट बँक १९८५ मध्ये आणि बेळगाव बँक त्याआधीच, सत्तरच्या दशकात, युनियन बँकेत गेली. विलीनीकरणामुळे इमारतीचा धनी बदलणं हा प्रकार आपल्याकडे जुना आहे.

'इंग्रजांच्या खुणा कशाला जपायच्या' असा एक सूर हमखास लागतो. कॅम्पातल्या बंगल्यांबद्दल तो लावायचा तर लावावा. पेठेतली बँक मात्र व्यापारी, वकील, मास्तर आणि शेतकरी यांच्या भागभांडवलातून उभी राहिलेली असते.

## इमारत किती जुनी, हे कसं ओळखायचं?

इथे एक ठरलेली चूक होते. छपराचं मंगलोरी कौल उलटं करून पाहिलं की त्यावर 'बासेल मिशन' आणि '१८६५' असं उमटलेलं सापडतं, आणि लगेच इमारत १८६५ ची ठरते. तो आकडा मंगळूरच्या कौल कारखान्याच्या स्थापनेचा आहे. पुढे कित्येक दशकं कौलांवर तोच छाप पडत राहिला.

भरवशाच्या खुणा वेगळ्या आहेत. भारतात सिमेंटचं उत्पादन पोरबंदरला १९१४ मध्ये सुरू झालं आणि पेठेतल्या गवंड्यापर्यंत ते पोचायला आणखी बरीच वर्षं लागली. त्यामुळे मूळ छत सिमेंट-सळईच्या स्लॅबचं असेल तर बांधकाम बहुधा १९३० नंतरचं. लोखंडी गर्डरच्या उभ्या पट्टीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. 'डॉर्मन लाँग' असेल तर माल विलायती. 'टाटा' असेल तर १९१२ नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलाद निघालं तेच त्या वर्षी. नक्षीच्या रंगीत सिमेंट टाइल्सच्या मागे कधीकधी कारखान्याचं नाव मिळतं. मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज १९२२ ची आहे. यातली एकच खूण धरून तारीख काढू नये, कारण जुने गर्डर आणि कौलं दुसरीकडून उतरवून आणून वापरण्याची पद्धत होती.

कागदांत सर्वांत उपयोगी म्हणजे संस्थेचे जुने वार्षिक अहवाल. ताळेबंदात 'इमारत निधी' नावाचं खातं वर्षागणिक फुगत जातं आणि एका वर्षी ती रक्कम मालमत्तेच्या बाजूला 'स्वतःची इमारत' म्हणून येते. तेच बांधकामाचं वर्ष. सिटी सर्व्हेचा उतारा आणि उपनिबंधक कार्यालयातून मिळणारा बोजाचा दाखला यांतून मालकीची साखळी लागते. १९५६ पूर्वीचा बेळगाव मुंबईच्या कारभारात होता, म्हणून सरकारी दप्तराचा काही भाग मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधावा लागतो. बेळगावच्या शहापूर भागातली इमारत असेल तर आणखी एक वळण: शहापूर सांगली संस्थानात होतं, त्यामुळे संस्थानकाळातला कागद ब्रिटिश दप्तरात शोधून सापडायचा नाही.

## पाणी येतं कुठून?

बेळगाव शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, खानापूर-कणकुंबीकडे त्याहून कितीतरी जास्त. जुन्या इमारतीला हा पाऊस नवा नाही. जाड भिंत भिजते, ऊन-वारा लागला की सुकते. शाखा चालू असताना सकाळी खिडक्या उघडतात, पंखे फिरतात, शिपाई गच्चीवरची पानं काढतो, गळती दिसली की कुणीतरी ओरडतं. इमारत बंद झाली की हे सगळं एका दिवसात थांबतं. पन्हाळीत पानं अडकतात, पाणी उलटं फिरून भिंतीच्या माथ्यात शिरतं आणि ते पाहायला कुणीच नसतं.

दुसरी वाट खालून. डांबराचे थरावर थर चढून रस्ता वर येतो आणि दोन-तीन पायऱ्या चढून जायची बँक रस्त्याच्या पातळीला येते. जोत्यातल्या हवेच्या जाळ्या बुजतात. पावसाचं पाणी पायाशी थांबतं आणि जांभा दगड ते वर ओढतो. भिंतीवर तीन फुटांपर्यंत ओलीची रेघ दिसते ती याची. वरून कितीही वॉटरप्रूफिंग केलं तरी ती जात नाही. उपाय बाहेर आहे: भिंतीलगत उताराची गटार, बुजलेल्या जाळ्या मोकळ्या करणं, आणि रस्त्याचं काम निघालं की जुना थर खरवडून मग नवा टाकावा अशी लेखी मागणी.

ओल भिंतीतून येते की हवेतली वाफ गार भिंतीवर थिजते, हे ओळखायला एक स्वस्त चाचणी आहे. फूटभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवायचा. आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतली. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीत हवा खेळत नाही. तिथे केमिकलवर पैसे घालण्याआधी खिडक्या उघडा.

## सिमेंट तर चुन्यापेक्षा मजबूत, मग त्याने बिघडतं काय?

मजबूत आहे, आणि तिथेच घोटाळा होतो. जुनी भिंत जांभ्याची किंवा भाजक्या विटेची, सांध्यात चुना. ही सगळी सामग्री सच्छिद्र आणि थोडी मऊ. भिंत उन्हा-थंडीत किंचित हलते, ती हालचाल चुन्याचा सांधा पोटात घेतो. आत गेलेलं पाणी सांध्यातून आणि गिलाव्यातून बाहेर उडून जातं. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट किंवा चकचकीत इमल्शन चढवणं म्हणजे घामाघूम माणसाच्या सुती सदऱ्यावर रेनकोट घालून बटणं लावणं. बाहेरून कोरडं, आत चिंब. बाहेर पडायला वाट नसलेलं पाणी सिमेंटमागे साचतं, त्यातले क्षार तिथेच घट्ट होतात आणि दगडाचा पृष्ठभाग फोडतात. चार-पाच वर्षांनी सिमेंटचा पोपडा सुटतो तेव्हा त्याच्यासोबत इंचभर दगडही निघून येतो. मग म्हणतात, 'बघा, दगड कुजलाय.'

मूळ गिलावा चुन्याचा आहे का, हे किल्लीने खरवडून कळतं. चुना भुरभुरतो, सिमेंटवर नुसता ओरखडा उठतो.

चुन्याचं काम करायचं तर वेळापत्रक आधी ठरवावं लागतं. भट्टीचा कळीचा चुना पाण्यात विरवताना उकळी फुटते आणि शिंतोडे डोळ्यांत गेले तर इजा होते, म्हणून चश्मा आणि हातमोजे सक्तीचे. विरवलेला चुना बारीक चाळणीतून गाळून पाण्याखाली किमान पंधरा दिवस मुरवायचा. महिना-दोन महिने मुरला तर अधिक चांगला. पुरता न विरलेला खडा गिलाव्यात राहिला तर तो पुढे भिंतीत फुगतो आणि जागोजागी खळगे पडतात. साधारण प्रमाण एक भाग मुरलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू. ओलीच्या जागी वाळूतला एक भाग कमी करून भाजक्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालतात. सुरखीमुळे चुना ओलीतही धरतो. क्रशरची वाळू वापरायची तर तिच्यातली धूळ धुऊन काढल्याशिवाय नाही, नाहीतर गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात. गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा हे जुने मिसळ पदार्थ खरोखर वापरात होते, पण त्यांचं प्रमाण अंदाजाने वाढवलं तर फायद्याऐवजी बुरशी मिळते.

सांधे भरताना, म्हणजे दर्जा भरताना, जुना सैल माल हाताच्या छिन्नीने इंचभर खोल काढायचा. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा कापल्या जातात आणि सांधा कायमचा रुंद होतो. भिंत आधी ओली करायची, गिलाव्याचा एक थर १०-१२ मिलिमीटरपेक्षा जाड घ्यायचा नाही आणि पहिला थर घट्ट झाल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. ओलं गोणपाट लावून आठ-दहा दिवस ओलावा टिकवायचा. चुना हवेतला कार्बन वायू घेऊन हळूहळू दगड होतो, त्याला महिने लागतात. म्हणून भर पावसात आणि मे महिन्याच्या उन्हात हे काम धरू नये. आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. रंग चुन्याचाच, तीन पातळ हात.

'आजकाल चुन्याचं काम करणारा गवंडी मिळतो कुठे?' हा आक्षेप खरा आहे. देवळांच्या जीर्णोद्धारावर काम केलेले गवंडी शोधावे लागतात. कंत्राटात 'चुना' लिहून प्रत्यक्षात 'थोडं सिमेंट टाकलंय, पकड येते' हा प्रकारही सर्रास होतो. ती पकडच नको असते.

## छप्पर, गर्डर आणि पिंपळ

कौलारू छप्पर गळायला लागलं की पत्र्याचा सल्ला येतो. मंगलोरी कौल दोन ते अडीच किलोचं, चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. म्हणजे चौरस मीटरला पस्तीस किलोच्या आसपास वजन छपरावर बसलेलं असतं. त्या वजनाने वासे आणि भिंतीचा माथा दाबून धरलेला असतो. हलका पत्रा टाकला की पावसाळी वारा छप्पर उचलू पाहतो आणि जुन्या भिंतीच्या माथ्याला हिसके बसतात. बहुतेक गळती फुटक्या कौलांची आणि कुजलेल्या रिपांची असते. कौलं उतरवून रिपा बदलायच्या, फुटकी तेवढी काढून त्याच छापाची दुसरी बसवायची. दोन वेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत. हे काम मृगाच्या आधी संपवावं.

दुसरा प्रकार जॅक आर्च छताचा: लोखंडी गर्डर ओळीने टाकलेले, त्यांच्या मधे विटांच्या बुटक्या कमानी आणि वर चुन्याचा कोबा. इथे खालून कमानीच्या कडेने सरळ रेघेत भेग दिसली तर गर्डरची खालची पट्टी गंजते आहे असं समजावं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि विटा ढकलतो. भेग गिलाव्याने झाकली तर तो आतल्या आत वाढत राहतो. आधी वरची गळती बंद, मग पट्टी उघडी करून गंज घासून काढणं, गंजरोधक प्रायमर, आणि किती जाडी उरली ते अभियंत्याकडून मोजून घेणं. शेवटच्या खणातल्या आडव्या लोखंडी सळया कुणी 'अडचण होते' म्हणून कापल्या नाहीत ना, ते जरूर पाहावं. त्या कमानीचा बाहेरचा रेटा धरून ठेवतात.

कंगणीवर उगवलेला पिंपळ ओढून काढू नये, मुळासोबत दगड येतो. कापून, बुंध्याला भोक पाडून जाणकाराकडून तणनाशक घालून घ्यावं, मूळ मेल्यावर पोकळी चुन्याने भरावी. बोटभर असताना काढलेल्या रोपाला दहा मिनिटं लागतात.

## तिजोरीखोली फोडून जागा मोकळी करता येईल का?

येईल, पण बहुधा परवडणार नाही. मूळ तिजोरीखोली इमारतीच्या पोटात, बाहेरच्या भिंतीला न लागता बांधलेली असते. अनेक ठिकाणी नंतर जुन्या चुन्याच्या इमारतीच्या आत काँक्रीटची पेटी बसवलेली सापडते: फूटभर किंवा जास्त जाडीच्या भिंती, सळयांच्या दोन जाळ्या, स्वतंत्र पाया. ही पेटी आणि जुनी भिंत वेगवेगळ्या गतीने खचतात, त्यामुळे दोघांच्या जोडावर उभी भेग दिसते. ती दिसली की लोक घाबरतात. भेगेवर काचेची पट्टी प्लॅस्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहावी आणि एक पावसाळा व एक उन्हाळा जाऊ द्यावा. काच तडकली नाही तर हालचाल थांबलेली आहे. तो जोड कडक सिमेंटने न भरता लवचीक मालाने भरावा. काच तडकली तर मात्र अभियंता ताबडतोब.

पेटी फोडायला ब्रेकर लावला की त्याचे धक्के शेजारच्या चुन्याच्या भिंतीला बसतात. त्यापेक्षा खोली तशीच ठेवून दप्तर, वस्तुसंग्रह किंवा छोटं दालन म्हणून वापरणं शहाणपणाचं. दाराचं वजन टनाच्या वर असतं. बिजागरीला वंगण द्या, दार काढू नका. एक गोष्ट मात्र विसरून चालत नाही: लोकांची ये-जा होणार असेल तर कुलपाच्या दांड्या कायमच्या अडकवून ठेवायच्या, जेणेकरून आत माणूस असताना दार लागणारच नाही. आणीबाणीची हवेची नळी असेल तर ती बुजवायची नाही.

माडीवर फायलींची लोखंडी कपाटं दाटीने लावू नयेत. कार्यालयाच्या जमिनीवर चौरस मीटरला २५० ते ४०० किलो भार धरतात; कागदाने भरलेल्या कपाटांच्या रांगा त्याच्या पुढे सहज जातात, आणि सागवानी तुळया काही तेवढ्यासाठी टाकलेल्या नव्हत्या.

## जुनी आहे म्हणजे हेरिटेजच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. हेरिटेज म्हणजे एखाद्या कायदेशीर यादीत इमारतीचं नाव असणं. केंद्राचा १९५८ चा कायदा किमान शंभर वर्षं जुन्या, राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती त्याखाली येते. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीने. कर्नाटक राज्याचा स्वतंत्र कायदा १९६१ चा. पेठेतली बँक या दोन्हींत बसणं कठीण. तिच्यासाठी खरी जागा म्हणजे शहराचा बृहत् आराखडा आणि त्याची नियमावली; त्यासाठी दार ठोठवायचं ते नगरविकास प्राधिकरणाचं, म्हणजे बुडाचं, आणि महापालिकेचं. इंटॅकसारख्या वारसा जपणाऱ्या बिगरसरकारी संस्थेने केलेली यादी अभ्यासाला उत्तम, पण तिच्यामुळे पाडकाम थांबत नाही.

'यादीत नाव गेलं की सरकार इमारत घेईल' ही भीती मालकांना असते. नुसतं नाव लागल्याने मालकी जात नाही. बदल करण्याआधी परवानगी लागते. भीती असलीच तर ती उत्पन्नाची असावी, आणि ती रास्त आहे. मुंबईत १९९५ पासून हेरिटेज नियमावली आहे आणि तिथे यादीतल्या वास्तूच्या मालकाला न वापरता येणारं चटईक्षेत्र, म्हणजे बांधकामाचा हक्क, दुसरीकडे विकण्याची सोय आहे. अशी भरपाई न देता मालकाने केवळ अभिमानापोटी इमारत सांभाळावी, ही अपेक्षा फार काळ टिकत नाही.

इमारत भाड्याची असेल तर बँकेने जागा सोडताना तिची स्थिती फोटोंसह नोंदवून घ्यावी. काउंटर, पितळी जाळ्या, तिजोरीचं दार नेमकं कुणाचं, यावर नंतर भांडणं होतात आणि भांडण संपेपर्यंत जाळी भंगारात गेलेली असते.

## 'दर्शनी भाग ठेवू, मागे नवीन बांधू'

ऐकायला हा मधला मार्ग वाटतो. दर्शनी भिंत उभी राहते ती आडव्या भिंती, माडी आणि छप्पर यांनी मागून धरल्यामुळे. मागचं पाडलं की ती सुटी होते आणि नवा सांगाडा तयार होईपर्यंत तिला लोखंडी टेकू द्यावे लागतात. गल्लीत त्या टेकूंना जागाच नसते. शिवाय शेजारी पायाचा खोल खड्डा खणला की जुन्या पायाखालची माती सरकते. व्यवहारात दर्शनी भाग राखायचा ठरतो आणि एके रात्री तो 'आपोआप' पडतो. आडव्या भिंतींचा पहिला खण तरी पूर्ण राखणार असाल, तरच हा मार्ग धरावा.

खर्चाचा हिशेब करताना लोक दुरुस्तीचा पूर्ण खर्च आणि नव्या बांधकामाचा चौरस फुटाचा दर समोरासमोर ठेवतात. त्यात पाडकाम, राडारोडा, रस्ता रुंदीकरणात सोडावी लागणारी जागा, पार्किंगची अट आणि दोन-तीन वर्षांचं बुडालेलं भाडं धरलेलं नसतं. अरुंद प्लॉटवर हे सगळं वजा केल्यावर नव्या इमारतीत आजच्यापेक्षा फार जास्त जागा मिळतेच असं नाही. आधी नकाशा काढून किती क्षेत्र मंजूर होईल ते तपासा, मग पाडायचं बोला.

पाटीचा प्रश्न सीमाभागात टाळता येत नाही. कन्नड भाषेच्या कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार कर्नाटकात व्यवसायाच्या नामफलकावर साठ टक्के मजकूर कन्नडमध्ये आणि तो वरच्या अर्ध्यात द्यावा लागतो. दर्शनी भागावर चुन्यात उठवलेलं किंवा दगडात कोरलेलं जुनं मराठी नाव हा भिंतीचाच भाग असतो. काम काढण्याआधी त्याचे मोजपट्टीसह फोटो घ्यावेत, नवा नामफलक स्वतंत्र चौकटीवर, भिंतीपासून दोन इंच पुढे लावावा आणि खिळे दगडात न ठोकता सांध्यात ठोकावेत. जुनं अक्षर छिन्नीने उडवायला किंवा रंगाने बुजवायला कुणी सांगितलं, तर ते लेखी मागावं.

## शाखा हलताना लॉकर आणि वह्या

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या लॉकर सूचनांनुसार शाखा बंद किंवा स्थलांतरित होत असेल तर बँकेने दोन वर्तमानपत्रांत, त्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात, जाहीर सूचना द्यावी लागते आणि लॉकरधारकाला किमान दोन महिने आधी कळवून लॉकर बदलण्याचा किंवा बंद करण्याचा पर्याय द्यावा लागतो. पत्ता जुना राहिला असेल तर पत्र पोचत नाही, म्हणून पत्ता आणि मोबाइल नंबर आजच दुरुस्त करून ठेवा.

वह्यांचं कुणी बघत नाही. बँकांच्या दप्तर जतनाच्या १९८५ च्या नियमांत नोंदींच्या प्रकारानुसार पाच आणि आठ वर्षांची मुदत आहे. त्यानंतर त्या नष्ट करायला मोकळीक. पण जुन्या पतसंस्थेच्या रोजकीर्दी आणि खतावण्या मोडीत, बाळबोधीत, कन्नडमध्ये लिहिलेल्या सापडतात. तंबाखू, कापूस, गूळ यांवर कुणी किती उचल घेतली आणि कधी फेडली, हे त्यांत असतं, आणि ते दुसरीकडे कुठे मिळत नाही. संचालक मंडळाचा ठराव करून त्या एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा विद्यापीठाकडे देता येतात. देताना वही कुठल्या शाखेची, कुठल्या वर्षांची, कितवी, एवढी यादी तरी जोडावी. वाळवी लागलेल्या वह्या आधी वेगळ्या काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद कराव्यात. भिजलेल्या वह्या उन्हात न ठेवता सावलीत, पंख्याखाली, पानांमधे टीपकागद घालून सुकवाव्यात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये; तिचा डिंक काही वर्षांत कागदात उतरतो आणि त्या डागाखालची मोडी मग वाचता येत नाही.